तीन कोरडे हप्ते

१२ जानेवारी

छोट्या,

आशीर्वाद तुला कायमचेच आहेत, ते दर वेळी लिहून शाई कशाला घालवू. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून. "हो दादा, बरं दादा" म्हणतोस आणि तेवढ्यात तुला कुण्या गिऱ्हाइकाचा दुसरा फोन येतो. शिवाय कॉम्प्रेसरच्या घरघरीत तीस वर्षं घालवून माझा डावा कान गेलाय आणि तू नेमका त्याच कानात बोलतोस. तेव्हा बस आणि शांतपणे वाच.

काल दुपारी पाण्याच्या टाकीजवळच्या तिमजली इमारतीत एक फ्रिज बघायला गेलो होतो. थर्मोस्टॅट गेला होता, दहा मिनिटांचं काम. उतरताना दुसऱ्या मजल्यावर शिवणवाली भेटली. तुला आठवत नसेल. चेन बसवून देते, पँटची लांबी कमी करते, म्हाताऱ्या आईला सांभाळते. तिच्या दारावर 'शिवून मिळेल' अशी पाटी असायची. ती दिसली नाही म्हणून मी आपलं सहज विचारलं, काय ताई, सुट्टी घेतली की काय. तर म्हणाली, मशीन विकली. फ्रिजचे हप्ते थकले होते, वसुलीची माणसं दारात येऊन मोठ्याने बोलायला लागली, शेजारी ऐकायला लागले, म्हणून विकली.

मला रागच आला. मी म्हटलं, अहो, दोन माणसांच्या घरात हप्त्यावर फ्रिज घ्यायला तुम्हाला सांगितलं कुणी?

ती आत गेली आणि फ्रिजचं गॅरंटी कार्ड ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. त्यातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली.

"तुम्हीच सांगितलं होतंत, मिस्त्री."

चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'घ्या. मोठा, दोन दारांचा. हप्ता झेपेल.' खाली सही माझी होती. वरचं अक्षर तुझं होतं. 'झ'ची शेपटी तू शाळेत होतास तेव्हापासून तशीच वर वळवतोस, त्यासाठी मी तुझ्या पाठीत धपाटे घातलेत. मला ते अक्षर ओळखायला चष्मा लागत नाही.

मी त्या बाईला एकदाही तीन प्रश्न विचारलेले नाहीत. तुला ते पाठ आहेत, तरी लिहितो. ती वस्तू नसेल तर घरात नेमकं काय अडतं? हप्ते संपेपर्यंत ती वस्तू टिकेल का? आणि एक महिना कमाई झाली नाही तर हप्ता कुठून भरणार? तिन्हींची उत्तरं नीट आली, तरी मी लगेच 'घ्या' लिहीत नाही. तीन महिने कोरडे हप्ते भरायला लावतो. वस्तू घरात नाही, पण जेवढा हप्ता पडणार तेवढे पैसे दर महिन्याला डब्यात टाकायचे. तिसऱ्या महिन्याला डबा घेऊन माझ्याकडे यायचं. डबा भरलेला असला तर चिठ्ठीवर 'घ्या', अर्धा असला तर 'थांबा', रिकामा असला तर 'नको'. या गावात माझी चिठ्ठी बघितल्याशिवाय लोक साधी इस्त्रीसुद्धा हप्त्यावर घेत नाहीत, आणि त्याच चिठ्ठ्यांवर तुझं हप्त्यावर वस्तू विकायचं दुकान उभं राहिलं.

गेल्या वर्षी तुझ्या वहिनीच्या ऑपरेशनसाठी मी दोन महिने बाहेरगावी होतो, तेव्हा तू म्हणालास, दादा, लोक खोळंबतील, चिठ्ठ्यांच्या पुस्तकावर कोऱ्या सह्या करून जा. कुणी आलं की मी तुला फोन लावीन, तू सांगशील तेच लिहीन. मी शंभर पानांवर सह्या केल्या. वहिनीला हे आजही माहीत नाही.

शिवणवालीबद्दल तुझा फोन आल्याचं मला आठवत नाही. कदाचित मी हॉस्पिटलच्या गडबडीत विसरलो असेन. तसंच काहीसं झालं असेल ना? दोन ओळी लिही. मला त्या बाईला उत्तर द्यायचंय.

— दादा


२१ जानेवारी

छोट्या,

तू पत्राला उत्तर लिहिलं नाहीस, फोन केलास. ठीक आहे. उजव्या कानाने ऐकलं.

तू म्हणालास ते सगळं मी मागाहून कागदावर उतरवून काढलं, म्हणजे माझ्या ऐकण्यात चूक नको. तू म्हणालास, शिवणवाली कोण ते आठवत नाही. म्हणालास, मी कुणाचा हात धरून वस्तू घ्यायला लावली नाही. म्हणालास, दादा, लोकांनाही हौस असते, तुझ्या तीन प्रश्नांनी लोकांची हौस मारली जाते. आणि शेवटी म्हणालास, धंद्यात असं चालतंच. या शेवटच्या वाक्याला तू हसलास. ते हसणं मी लिहून ठेवलं नाही, पण लक्षात आहे.

नंतर मी तुझ्या इथल्या दुकानात गेलो. हल्ली तू शहरात राहायला गेल्यापासून ते सांभाळणारा तुझा मॅनेजर बिचारा भला माणूस, त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, चहा राहू दे, दादांच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक कुठे असतं? त्याने गल्ल्याखालच्या कप्प्यातून काढून दिलं. त्याला वाटलं, मी नव्या सह्या करायला आलोय. "बरं झालं आलात, एकोणतीसच राहिल्यात," असं म्हणाला.

पुस्तक कार्बनचं आहे हे तू विसरलास, छोट्या. वरची चिठ्ठी फाडून दिली तरी खाली प्रत राहते. मी शोकेसमधल्या एका सोफ्यावर बसलो, त्यावरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं, आणि एकेक पान उलटलं. एकाहत्तर प्रती. पहिल्या सहांची मला आठवण आहे. त्या सहा वेळा तू खरंच फोन केला होतास. चौथ्या वेळी मी 'नको' सांगितलं होतं आणि तू 'नको' लिहिलं होतंस, प्रत आहे. सातव्या पानापासून सगळी 'घ्या'. 'थांबा' एक नाही, 'नको' एक नाही. पासष्ट माणसांत एकाचाही डबा रिकामा निघाला नाही, असं माझ्या सहीखाली लिहून गेलंय.

मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून वहिनीसाठी लिंबू पिळत होतो, तेव्हा तू इथे हे करत होतास. मी परत आल्यावरही पुस्तक तुझ्याकडेच राहिलं, कारण मी मागितलं नाही. भाऊ म्हणून मागितलं नाही. केसाने गळा कापतात असं ऐकून होतो. केस माझ्याच घरचा निघाला.

उरलेली एकोणतीस पानं मी तिथेच मॅनेजरसमोर फाडली. तो म्हणाला, साहेबांना काय सांगू? मी म्हटलं, तुझ्या साहेबांच्या भावाने फाडली असं सांग.

प्रती मात्र घरी आणल्यात. एकेका घरी जाऊन येतो. तुला हे आवडणार नाही, पण तुझी आवडनिवड जपण्यात माझी निम्मी हयात गेली, आता पुरे.

— दादा


४ फेब्रुवारी

छोट्या,

बावीस घरं झाली. हल्ली पायीच फिरतो. डॉक्टर म्हणाले, साखरेला चालणं बरं.

सगळीकडे रडारडच आहे असं समजू नकोस. मला रागाच्या भरात खोटं लिहायचं नाही. बेकरीच्या मागे राहणारी ती कपडे धुणारी बाई, तीन लॉजच्या चादरी धुते, तिने वॉशिंग मशीन घेतलं. ती माझ्याकडे आली असती तर मीही 'घ्या'च लिहिलं असतं. तिची पाठ वाचली, दोन लॉज वाढले, हप्ता ती चादरींतूनच काढते. तिने मला खारी-बिस्किटं खायला घातली. अशी माणसं आणखी सात-आठ निघाली. त्यांचं भलं झालं, पण त्यात तुझा हात नाही, तो योगायोग.

बाकीच्यांचं ऐक. रिटायर झालेल्या टपालबाबूने एसी घेतला, कारण चिठ्ठीत 'झेपेल' होतं. विजेचं बिल आलं तेव्हा त्याने एसी बंद केला तो आजतागायत. त्याच्यावर आता बायकोच्या औषधांची खोकी ठेवलीत. हप्ता मात्र चालू आहे. नवीन लग्न झालेल्या एका जोडप्याने कोपऱ्याचा सोफा घेतला. खोली एवढीशी की दार पूर्ण उघडत नाही, आडवं होऊन आत शिरावं लागतं. मीही तसाच शिरलो. नवरा म्हणाला, मिस्त्री म्हणतात म्हणजे विचार करूनच म्हणत असतील. त्याने ते चांगल्या मनाने सांगितलं, मला खूश करायला.

चार घरांनी मला आत घेतलं नाही. एका म्हाताऱ्याने दाराच्या फटीतून माझ्याकडे बघितलं आणि कडी लावली. तीस वर्षांत माझ्यासमोर कुणी कडी लावली नव्हती. लोक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवून कामाला जायचे, मिस्त्री येऊन फ्रिज बघून जातील म्हणून. मी दुरुस्ती शिकलो ती हाताने, छोट्या, पण पोट भरलं ते या विश्वासावर. गॅस भरणारे मिस्त्री शंभर मिळतील.

शिवणवालीकडे परत गेलो. तिला फ्रिज हवाच होता, हे मला या वेळी कळलं. आईला इन्सुलिन लागतं. उन्हाळ्यात कुपी माठाच्या गारव्यात ठेवायची आणि ती खराब व्हायची. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर खरं होतं. मी असतो तर लिहिलं असतं, 'घ्या, सगळ्यात लहान.' लहान फ्रिजचा हप्ता तिने दहा पँटींच्या लांबीत भरला असता. तू तिला दोन दारांचा दिलास. मी उघडून बघितला. आत दोन कुप्या, पाण्याची बाटली आणि दिवा. बाकी सगळे कप्पे रिकामे, पुसून लख्ख ठेवलेले.

तिने मशीन विकली आणि फ्रिज ठेवला, कारण फ्रिज विकला तर आईचं औषध जातं. आता ती एका कपड्याच्या कारखान्यात दुसऱ्याच्या मशीनवर बसते. दिवसभर आई एकटी. जाताना ती कुपी काढून ठेवते, सुई भरून ठेवते, आणि म्हातारी थरथरत्या हाताने स्वतःला टोचून घेते. हे मला म्हातारीनेच दाखवलं, कौतुकाने, मला आता जमतं बघा म्हणून.

तुझं पाकीट परवा पोचलं. कागद बघितले. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहितो.

— दादा


१३ फेब्रुवारी

छोट्या,

वहिनीला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "आणि स्कूटर कुठे आहे?"

तर आधी ते. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलेलं नाही. स्कूटर मी विकली. तुला मागच्या पत्रात थाप मारली. आता थापा कुणी मारायच्या यावरून आपल्यात भांडण नको, म्हणून खरं लिहितो, आणि लिहायला बसलोच आहे तर सगळंच लिहितो.

गेलं वर्षभर तू मला दर महिन्याला पाकीट पाठवायचास. वर 'पेट्रोल' लिहिलेलं. मी तुझ्या दुकानाच्या फ्रिजांची सर्व्हिसिंग करतो त्याचे पैसे, असं मी धरून चाललो. पण पेट्रोल एवढं लागतं का रे? मला हिशेब येत नाही अशातला भाग नाही. पाकीट दर महिन्याला जाड होत गेलं आणि मी एकदाही विचारलं नाही. त्या पैशांतून नवी स्कूटर घेतली. रोख घेतली, म्हणून छाती फुगवून गावभर फिरलो. मिस्त्री स्वतः कधी हप्त्यावर काही घेत नाहीत, असं लोक म्हणायचे आणि मी ऐकून घ्यायचो. पासष्ट घरांचे हप्ते माझ्या बुडाखाली धावत होते.

म्हणजे मला फसवलं गेलं हे खरं, आणि मी जरा डोळे मिटून फसलो हेही खरं. पहिल्याने दुसरं माफ होत नाही, आणि दुसऱ्याने पहिलं तर मुळीच नाही. तू असा विचार करू नकोस की दादा कबुली देतोय म्हणजे राग उतरला. उतरलेला नाही. सकाळी दाढी करताना आरशात बघतो तेव्हा तुझाच चेहरा दिसतो, आपण दिसतोच तसे, आणि ब्रश खाली ठेवावा लागतो.

आता तुझ्या पाकिटाबद्दल. तिकडच्या शहरात दुसरी शोरूम काढायची आहे, बँक बाबांच्या घरावर कर्ज देतेय, घर दोघांच्या नावावर म्हणून माझी सही हवी. ठीक. कागद मी तीनदा वाचले. जिथे जिथे सही करायची तिथे तू पिवळ्या पट्ट्या चिकटवल्यास, म्हणजे दादाला शोधायला त्रास नको. आणि रकमेचा रकाना कोरा आहे. मुदतीचा रकाना कोरा आहे. तुझी चिठ्ठी सोबत: 'दादा, तू सही करून पाठव, आकडे मी इथे भरतो.'

मी पत्र टेबलावर ठेवलं आणि हसलो. खरंच हसलो. वहिनी आतून बघायला आली. माझी आधीची दोन पत्रं वाचून तुला हे वाक्य लिहिता आलं. एक तर तू ती वाचली नाहीस, किंवा वाचलीस आणि तुला वाटलं, दादा काय, बोलतो, पण शेवटी सही करतो.

तुला असं वाटायचं कारणही मला ठाऊक आहे. तू अकरावीत होतास. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. वर्गात सगळ्यांच्या मनगटाला घड्याळ आहे म्हणून तू जेवायचं सोडलंस. मी घड्याळवाल्याकडून तुला घड्याळ आणून दिलं. तुला वाटलं, रोख आणलं. नऊ हप्त्यांवर आणलं होतं. घड्याळाशिवाय काही अडत नव्हतं, मला कायमचं काम नव्हतं, कोरडा हप्ता एकही टाकला नव्हता. दुसऱ्या महिन्यात तू ते नदीवर पोहायला गेलास तेव्हा हरवलंस. रडत आलास, मी तुला जवळ घेतलं, आणि पुढचे सात महिने नसलेल्या घड्याळाचे पैसे भरत राहिलो. जेवणाचा डबा न्यायचा सोडून दिला होता, कामावर पाणी पिऊन भागवायचो. हप्ते संपेपर्यंत वस्तू टिकेल का, हा प्रश्न मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. तो तुझ्या मनगटावरून आला.

हे तुला इतकी वर्षं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. तुझ्यासाठी कुणी काय भरतंय हे तुला कधी कळलंच नाही, आणि ती चूक माझी.

— दादा


२ मार्च

छोट्या,

हे पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवतोय, म्हणजे मिळालं नाही असं म्हणता येणार नाही.

शिवणवालीची मशीन सापडली. जुन्या सामानाच्या दुकानात, पंख्यांच्या ढिगामागे. दुकानदार ओळखीचा, तरी त्याने भाव सोडला नाही. स्कूटरच्या पैशांतून सोडवली. पायडलचा पट्टा नवा टाकला, तेल दिलं, आणि हातगाडीवर घालून नेली. दुसऱ्या मजल्यावर चढवताना तिसऱ्या पायरीला मला धाप लागली. खालच्या मजल्यावरचा माणूस मदतीला आला, पण माझ्याशी बोलला नाही.

ती कारखान्यातून नुकतीच आली होती. मशीन बघून दारातच उभी राहिली. मग जवळ येऊन चाक फिरवून बघितलं, सुईखालची पट्टी बोटाने पुसली. तिची आई आतून म्हणत होती, कोण आलंय गं, कोण आलंय. मी तिला सगळं सांगितलं. कोऱ्या सह्यांचं, पाकिटांचं, स्कूटरचं. काही मागे ठेवलं नाही. उरलेल्या पैशांतून तिचे दोन हप्ते होतील, तेही टेबलावर ठेवले.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला शिव्या देईल. दोन्ही चाललं असतं. तिने पैसे उचलले, मोजले, आणि म्हणाली,

"मशीन ठेवते, मिस्त्री. माझीच आहे. पण आता कुणाला चिठ्ठी देऊ नका."

ती रागाने म्हणाली नाही. एखाद्याला सांगावं, तुमची चप्पल तुटली आहे, तितक्या साधेपणाने म्हणाली. मी बरं म्हटलं आणि खाली आलो. फाटकापर्यंत नीट आलो. मग टाकीच्या कट्ट्यावर बराच वेळ बसून राहिलो. छोट्या, मला त्या क्षणी बाबा गेले तेव्हासारखं वाटलं. तेव्हा निदान तू शेजारी होतास.

कालच चौकातल्या न्हाव्याने विचारलं, मिस्त्री, गिझर हप्त्यावर घ्यावा का. मी म्हटलं, मला विचारू नका. तीस वर्षांची सवय आहे त्यांना. मलाही आहे, जिभेवर तिन्ही प्रश्न आले होते. गिळले.

तर चिठ्ठ्या बंद. पण तुझा एक अर्ज माझ्याकडे बाकी होता, तो तिला बरं म्हणण्याआधीच आलेला, म्हणून तेवढा निकालात काढतो.

तुला तिन्ही प्रश्न विचारले, तुझ्या वतीने उत्तरंही मीच दिली. दुसरी शोरूम नसेल तर काय अडतं? तुझं काहीच अडत नाही. तुला राहायला घर आहे, चालतं दुकान आहे, मुलं चांगल्या शाळेत आहेत. हप्ते संपेपर्यंत टिकेल का? पहिलं दुकान ज्या चिठ्ठ्यांवर उभं होतं त्या संपल्या, तेव्हा पहिल्याचंच सांगता येत नाही. एक महिना कमाई झाली नाही तर हप्ता कुठून? बाबांच्या घरातून. ज्या घरात वहिनी आत्ता चहा करतेय, त्या घरातून.

या उत्तरांवर मी परक्या माणसालाही 'नको' लिहिलं असतं. तसं लिहायलाच बसलो होतो. वहिनी म्हणाली, परक्याला तुम्ही रिकाम्या डब्यावर 'नको' देता, पण त्याला डबा भरायची संधी तर देता. छोट्याला ती दिलीत का? बाई मोठी अवघड आहे. मी कागद बदलला.

तुझ्या बँकेचे कागद परत पाठवतोय. सही नाही. पिवळ्या पट्ट्या मात्र मी काढून घेतल्यात, मला मल्टिमीटरच्या वायरींवर खुणा करायला उपयोगी पडतात.

सोबत पासष्ट पत्त्यांची यादी आहे. ज्या घरांचं बरं झालं त्यांच्यापुढे फुली आहे. शोरूमच्या कर्जाचा जो हप्ता तू दर महिन्याला भरणार होतास, तेवढे पैसे तीन महिने घेऊन इथे यायचं आणि बाकीच्या घरांचे जेवढे हप्ते भरून होतील तेवढे भरायचे. मॅनेजरला पाठवायचं नाही. स्वतः यायचं, दार वाजवायचं, आणि चिठ्ठीवरचं अक्षर माझं होतं असं सांगायचं. चार घरांत कडी लागेल, तेव्हा बाहेर उभं राहायचं. टपालबाबूंपासून सुरुवात केलीस तर बरं, त्यांचं वय झालंय, दिवस थोडे आहेत.

तीन महिने झाले की माझ्याकडे ये. मग बघू. आलास तरी सही करीन असं नाही. न आलास तर मात्र पुन्हा पत्र लिहिणार नाही, आणि हे मी रागावून लिहीत नाहीये, दोन दिवस थांबून लिहितोय.

सोबतची तुझी चिठ्ठी साध्या वहीच्या कागदावर आहे, पुस्तक तर फाडलं. तिच्यावर एकच शब्द आहे, 'थांबा.' या वेळी आधी लिहिलं आणि मग सही केली.

— दादा